मिनिटातली छप्पन सेकंदं चाकं उभीच असतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या वडिलांचं जुनं एचएमटी जनता, चावीचं मनगटी घड्याळ, कपाटातून निघालं. चावी दिली आणि ते चालू झालं. आठ वर्षांच्या मुलीनं विचारलं, "मिनिट म्हणजे काय?" तुम्ही म्हणालात, साठ सेकंद. "आणि सेकंद म्हणजे?" मिनिटाचा साठावा भाग. त्यावर ती म्हणाली, "बाबा, हे तर गोल गोल झालं." तर मिनिट नेमकं येतं कुठून, त्या एका मिनिटात घड्याळाच्या पोटात काय घडतं, आणि हे घड्याळ मोबाइलपेक्षा रोज अर्धा मिनिट मागे का पडतं?

मुलीचं बरोबर आहे. तुमचं उत्तर गोलच आहे. वाईट वाटून घेऊ नका, मीही या धंद्यात पहिली कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. सोलापुरात छत्तीस वर्षं घड्याळं उघडतो आणि मिटतो आहे. त्यामुळे आधी घड्याळाच्या आतलं सांगतो, ते मला हाताने माहीत आहे. कुठून आलं ते नंतर.

मी शिकायला राहिलो तेव्हा उस्तादांनी पहिले पंधरा दिवस चिमटा हातात दिला नाही. एक चालू घड्याळ कानाला लावायचं आणि मिनिटभरात किती टिक होतात ते मोजायचे, एवढंच काम. पहिल्या दिवशी शंभरच्या पुढे गाडी जाईना. "एकशे सत्तेचाळीस" तोंडाने म्हणून होईपर्यंत घड्याळ चार टिक पुढे गेलेलं असतं. मराठी आकडे लांब, टिक आखूड. दोन-तीन दिवस माझी फजिती बघितल्यावर त्यांनी युक्ती सांगितली: मोजायचं फक्त पाचपर्यंत, एक-दोन-तीन-चार-पाच, आणि प्रत्येक पाचाला एक बोट मुडपायचं. साठ बोटं झाली की मिनिट झालं. म्हणजे 300 टिक. तुमच्या जनताचंही हेच आहे. सेकंदाला पाच, मिनिटाला 300, तासाला 18,000. आमच्या धंद्यात मशीनची ओळखच या शेवटच्या आकड्याने होते, "अठरा हजारचं मशीन" म्हणतात. पुढे आलेली बरीच ऑटोमॅटिक घड्याळं 21,600 ची किंवा 28,800 ची. त्यांची टिकटिक इतकी दाट की बोटं मुडपून पुरत नाहीत.

आता ही टिक होते कशाने? मागचं झाकण काढलंत तर एक चाक डावीकडे-उजवीकडे सारखं हेलकावे खाताना दिसेल. ते बॅलन्स. त्याच्या पोटाशी केसासारखी बारीक गुंडाळी असते, ती हेअरस्प्रिंग, जुने लोक बालकमानी म्हणतात. चावी देता तेव्हा वेगळीच, मोठी कमान गुंडाळली जाते. तिचा जोर चार-पाच चाकांमधून पुढे सरकत शेवटच्या दात्यांच्या चाकापर्यंत येतो. त्याचं नाव एस्केप व्हील, त्याला पंधरा दाते. हे चाक आणि बॅलन्स यांच्यामध्ये एक छोटा दोन हातांचा पॅलेट बसवलेला असतो. त्याच्या दोन्ही हातांना माणकाचे तुकडे. बॅलन्सचा एक हेलकावा झाला की पॅलेट एक हात उचलतो, दाता सुटतो, सुटता सुटता बॅलन्सला एक ढकल देतो आणि लगेच पुढचा दाता दुसऱ्या हातावर आपटून थांबतो. तुम्हाला जो "टिक" ऐकू येतो तो त्या आपटण्याचा. म्हणजे टिक हा चालण्याचा आवाज नाहीच, थांबण्याचा आहे.

इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. मला स्वतःला ती कळायला बारा-तेरा वर्षं गेली, तीसुद्धा दुकानात टाइमिंग मशीन, म्हणजे टिक ऐकून घड्याळाची चाल दाखवणारं यंत्र, आल्यावर. बॅलन्स निरोगी असेल तर मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना सुमारे 270 अंश फिरतो, म्हणजे प्रत्येक वेळी पाऊण फेरी. पण पॅलेटशी त्याची गाठ पडते ती या सगळ्या फेरफटक्यातल्या मधल्या पन्नासएक अंशांतच. तिथे तो सर्वांत वेगात असतो. बाकीचा सगळा वेळ तो एकटा मोकळा हिंडतो. तेवढा वेळ पॅलेट अडकलेला, एस्केप व्हील अडकलेलं, मागची सगळी चाकं अडकलेली, कमान ताणून बसलेली. हिशेब केला तर प्रत्येक टिकच्या वेळातला फार तर सहा टक्के भाग चाकं हलतात. एका वेळी सेकंदाचा साधारण ऐंशीवा भाग. असे तीनशे तुकडे जोडले की मिनिटाला जेमतेम चार सेकंदं भरतात. उरलेली छप्पन सेकंदं घड्याळातलं बॅलन्स सोडून सगळं स्तब्ध असतं.

लोक म्हणतात काटा सरकतो. सरकत नाही. उडी मारतो आणि थांबतो. सेकंद काटा प्रत्येक टिकला 1.2 अंशाची उडी घेतो, पाच उड्यांत सहा अंश, म्हणजे एक खूण. उड्या इतक्या जवळ असतात की डोळ्याला घसरल्यासारखं वाटतं. मिनिट काट्याचं आणखी मजेचं आहे. काटा सेंटिमीटरभर लांब धरला तर एका मिनिटात त्याचं टोक जेमतेम एक मिलिमीटर पुढे जातं, आणि तेही तीनशे उड्यांत. एक उडी केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढी. ती दिसणार कुठून? म्हणून सगळे म्हणतात, मिनिट काटा हलताना कुणी बघितला नाही.

याच मिनिटात बॅलन्स किती चालतो बघा. त्याचा व्यास सेंटिमीटरभर धरा. प्रत्येक टिकला दीड फेरी, म्हणजे कडेवरचा ठिपका पावणेपाच सेंटिमीटर जातो. मिनिटाला चौदा मीटर. दिवसाला वीस किलोमीटर. सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेवर अर्ध्याहून पुढे. तेही कुठेही न जाता, केसाहून थोड्याच जाड टोकांवर, तेलाच्या एका ठिपक्यात. म्हणून तेल सुकलं की काय होतं ते तुम्हीच ओळखा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो तेव्हा हे लक्षात ठेवा.

एस्केप व्हील मिनिटाला दहा फेऱ्या करतं. त्याच्या मागचं चाक बरोबर एक. इंग्रजी मोजणीत ते चौथं चाक, आम्ही सेकंदाचं चाक म्हणतो. त्याच्याही मागे तासाला एक फेरी करणारं मधलं चाक. मुलीला मिनिट बोटाने दाखवायचं असेल तर झाकण काढून ते चौथं चाक दाखवा. ते एकदा फिरलं की मिनिट. दात्यांची संख्या अशी जुळवलेली की मधलं चाक एकदा फिरताना हे साठदा फिरतं. उदाहरणार्थ पहिल्या जोडीत आठपट, दुसरीत साडेसातपट, आठ गुणिले साडेसात साठ. मिनिट हे असं दात्यांच्या गुणाकारात बसवलेलं असतं.

आता मागच्या पिढीतल्या एखाद्या भटजींना हे सांगितलंत तर ते हसतील, कारण त्यांच्याकडे हीच मोजणी वेगळ्या नावाने होती. दिवसाच्या साठ घटका. एका घटकेची साठ पळं. एका पळाची साठ विपळं. घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं, विपळ 0.4 सेकंदाचं. म्हणजे आपलं एक मिनिट अडीच पळांचं, दीडशे विपळांचं. आणि तुमच्या वडिलांच्या घड्याळातला बॅलन्स एकदा जाऊन परत येतो, टिक आणि टॉक मिळून, तो वेळ किती? बरोबर 0.4 सेकंद. म्हणजे एक विपळ. मी पहिल्यांदा हा हिशेब बिलाच्या पाठीवर केला तेव्हा दोनदा पुन्हा केला. अठरा हजारच्या मशीनच्या पोटात विपळाचं यंत्र बसलेलं आहे आणि ते बनवणाऱ्यांच्या मनातही नव्हतं.

इतकंच नाही. जुन्या ज्योतिष ग्रंथांत विपळाएवढंच माप आणखी एका रीतीने सांगितलं आहे: एक गुरु अक्षर, म्हणजे "मा" किंवा "रा" असं दीर्घ अक्षर, सावकाश उच्चारायला लागणारा वेळ. अशी दहा अक्षरं म्हणजे एक प्राण, निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास. सहा प्राणांचं एक पळ. म्हणजे प्राण चार सेकंदांचा आणि मिनिटाला पंधरा प्राण. डॉक्टर आज सांगतात, स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. पंधरा अगदी मध्यावर. दिवसाचे 21,600. हा आकडा योगाच्या पुस्तकांतून तुम्ही कधीतरी ऐकला असेल. वर्तुळाचे 360 अंश आणि प्रत्येकी साठ कला, तेही 21,600. आर्यभटाने इसवी सन 499 च्या आपल्या ग्रंथात पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते असं म्हटलं आहे, ते या हिशेबावर. आणि तुमच्या जनताचे दिवसाचे टिक? 300 गुणिले 1,440, म्हणजे 4,32,000. कलियुगाची वर्षं मानतात तेवढेच. यात चमत्कार नाही. सगळीकडे साठाचाच पाढा चालू आहे, म्हणून आकडे एकमेकांना भेटतात. पण पंचांग बघणारे एक गृहस्थ दुकानात बसले असताना हे सांगितलं, तर त्यांनी घड्याळ दुरुस्तीचे पैसे देताना "कलियुगाचं काम आहे, कमी करा" म्हणून वीस रुपये कमी केले.

तर मिनिट कुठून आलं? दिवसातून. दुसरीकडून कुठूनच नाही. मिनिटाला स्वतःचं असं निसर्गात काही नाही. दिवस आहे, महिना आहे, वर्ष आहे, श्वास आणि नाडीही आहे. मिनिट मात्र कापून काढलेलं. दिवसाचे चोवीस तुकडे इजिप्तमधल्या लोकांनी केले, साठाने भागायची सवय बाबिलोनकडची. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा या सगळ्यांनी भाग जातो, वाटणी करणाऱ्याला याहून सोयीचा आकडा नाही. लॅटिनमध्ये पहिल्या भागणीच्या तुकड्याला "पहिला बारीक भाग" म्हणत आणि त्याच्या भागणीला "दुसरा बारीक भाग". "बारीक" या शब्दाचं मिनिट झालं आणि "दुसरा" या शब्दाचं सेकंद. मुलीला सांगा, सेकंद म्हणजे नुसतं "दुसरं". तिला आवडेल.

घड्याळाला मिनिट काटा मात्र फार उशिरा आला. मनोऱ्यांवरची जुनी युरोपी घड्याळं दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटं चुकायची, त्यांना मिनिट काटा कशाला हवा? 1656 मध्ये हॉयगन्स या डच शास्त्रज्ञाने घड्याळाला लंबक लावला आणि चूक पंधरा मिनिटांवरून पंधरा सेकंदांच्या आसपास आली. त्यानंतर मिनिट काटा ही सर्रास गोष्ट झाली. आमच्या दुकानात भिंतीवर लंबकाचं एक उंच घड्याळ आहे, त्याचा लंबक एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेतो. अशा लंबकाची लांबी सगळीकडे साधारण 99 सेंटिमीटर असते. ती एक मिलिमीटर वाढली तर घड्याळ दिवसाला 43 सेकंदं मागे पडतं. उन्हाळ्यात दांडा तापून लांबतो आणि ते घड्याळ आळसावतं. सोलापुरात मे महिन्यात कोण आळसावत नाही म्हणा.

दिवसातून मिनिट काढायचं म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कुणाचा दिवस? सोलापूरच्या अक्षांशावर जमीन मिनिटाला साडेसव्वीस किलोमीटर पूर्वेकडे फिरते. मी स्टुलावर बसून एक मिनिट कानाला घड्याळ लावतो तेवढ्यात. म्हणून अक्कलकोटचा सूर्य माझ्यापेक्षा मिनिटभर आधी माथ्यावर येतो, पंढरपूरचा दोन-सव्वादोन मिनिटं नंतर, मुंबईचा बारा मिनिटं नंतर. पूर्वी प्रत्येक मोठ्या गावाचं आपलं आपलं मिनिट होतं. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची, मुंबई आपल्या वेळेवर चालायची. 1906 पासून भारताची एक वेळ ठरली, ती 82.5 अंश रेखांशाची. सोलापूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे मनगटावर बारा वाजतात तेव्हा सूर्याचे साधारण साडेअकरा वाजून चार मिनिटं झालेली असतात, वर्षातल्या दिवसाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. मुंबईने आपली 39 मिनिटं मागे असलेली वेळ 1955 पर्यंत काही कचेऱ्यांत चालवली. माझा त्यांना मनातून थोडा पाठिंबा आहे, पण लोकल चुकली असती.

पृथ्वीही मोठी नियमित नाही हे पुढे कळलं. ती फार हळूहळू मंदावते आहे, तेही सारखी नाही. म्हणून 1967 मध्ये सेकंदाची व्याख्या पृथ्वीच्या फिरण्यावरून काढून सिझियम या धातूच्या अणूवर नेली: त्या अणूची ठरावीक कंपनं 9,19,26,31,770 झाली की एक सेकंद. मिनिटाला साधारण 55 हजार कोटी. आपल्या देशाची वेळ दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशा अणुघड्याळांवर सांभाळते. तर मुलीच्या प्रश्नाचं सरळ, न गोल होणारं उत्तर हे: आज आधी सेकंद ठरतो, मग साठ सेकंदांचं मिनिट. पूर्वी उलट होतं. आधी दिवस, मग तास, मग मिनिट, शेवटी सेकंद.

आणि मिनिट नेहमी साठ सेकंदांचंच असतं, हेही शंभर टक्के खरं नाही. अणुघड्याळ आणि पृथ्वी यांची फारकत होऊ नये म्हणून 1972 पासून अधूनमधून एक जादा सेकंद घातला जातो. आजवर सत्तावीस वेळा घातला. शेवटचा 2016 च्या 31 डिसेंबरला, आपल्याकडे 1 जानेवारी 2017 च्या पहाटे. त्या पहाटे 5 वाजून 29 व्या मिनिटाला 61 सेकंदं होती. मी झोपलो होतो. तुमची मुलगी तेव्हा जन्मलेलीही नसेल. आता 2035 च्या आसपास ही जादा सेकंदाची पद्धत बंद करायचं ठरलं आहे, तेव्हा असं मिनिट तिला बघायला मिळण्याची शक्यता कमीच.

सेलच्या घड्याळाबद्दल थोडक्यात, कारण मुलगी विचारणारच. त्यात बॅलन्सच्या जागी काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा, दोन दात्यांचा गारगोटीचा छोटा तुकडा असतो, क्वार्ट्झ. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. सर्किट हा आकडा पंधरा वेळा अर्धा करतं आणि शेवटी एक उरतो. त्या एकाला सेल एक झटका देतो, सेकंद काटा एक घर पुढे. मिनिटाला थरथर 19,66,080, काट्याच्या उड्या साठ. इथेही तेच: काटा थोडाच वेळ हलतो, बाकी सगळा वेळ उभा. स्वित्झर्लंडच्या रेल्वे स्थानकांवरची घड्याळं तर उघडउघड हे करतात. त्यांचा लाल सेकंद काटा साठ घरं साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत पुरी करतो आणि वर जाऊन थांबतो. मुख्य घड्याळाकडून मिनिटाचा इशारा आला की मिनिट काटा एक उडी मारतो आणि सेकंद काटा पुन्हा निघतो. बघणाऱ्याला वाटतं घड्याळ बंद पडलं. मला विचाराल तर जगातलं सर्वांत प्रामाणिक घड्याळ तेच, थांबतो हे लपवत नाही.

आता अर्धा मिनिट मागे पडण्याचं. आधी हिशेब. अर्धा मिनिट म्हणजे दिवसाच्या 4,32,000 टिकांपैकी 150 कमी. एका मिनिटात चूक सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग. इतक्या जुन्या, चावीच्या घड्याळासाठी ही तक्रारच नव्हे. एचएमटीने बेंगळुरूला 1961 मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळं सुरू केली, तेव्हापासून या मशीनवर लोकांनी ऑफिस गाठलं आहे, गाड्या पकडल्या आहेत. रोज सकाळी चावी देताना लोक आकाशवाणीच्या ठोक्यावर काटा जुळवून घ्यायचे, विषय संपला.

पण कारणं सांगतो. पहिलं, तेल. बरीच वर्षं कपाटात होतं म्हणता, म्हणजे तेल गोंदासारखं झालं असणार. बॅलन्स 270 ऐवजी 200 अंशच फिरत असेल. दुसरं, ठेवण्याची पद्धत. पालथं, उभं, मनगटावर, प्रत्येक ठिकाणी बॅलन्सचं वजन आणि टोकांचं घासणं वेगळं, वेगही वेगळा. रात्री झोपताना तबकडी वर करून ठेवून बघा, मग चावी बाजूला असेल असं उभं ठेवून बघा. कशात पुढे जातं ते चार दिवस लिहून ठेवलंत तर रात्रीच्या ठेवण्यानेच दिवसाची चूक निम्मी होते. तिसरं, चावी रोज एकाच वेळी पुरी द्या. कमान उतरत गेली की ढकल कमी होते. चौथं, आणि हे तुमच्या बाबतीत नाही: घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर ते लोहचुंबकाजवळ ठेवलं गेलं. हल्ली मोबाइलच्या कव्हरला, पर्सच्या बटणाला चुंबक असतं. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि बॅलन्स घाईत येतो. ते दोन मिनिटांचं काम आहे, त्याचे कुणी सर्व्हिसिंगचे पैसे मागितले तर उठून या.

मागच्या बाजूला बॅलन्सच्या वर एक बारीक दांडी असते, तिच्या एका बाजूला अधिकची खूण आणि दुसऱ्या बाजूला उण्याची. ती ढकलली की घड्याळ पुढे-मागे होतं. मुळाशी न जाता नुसती ही दांडी सरकवून देणारे खूप आहेत. तेल सुकलेलं असताना दांडी सरकवली तर महिनाभर बरोबर चालेल आणि मग पुन्हा मागे. आधी पूर्ण खोलून धुणं, मग तेल, मग दांडी. आणि तेलाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, शिकाऊ असताना मी एका शिक्षकांच्या घड्याळाला प्रेमाने जास्त तेल घातलं. ते पसरून हेअरस्प्रिंगला लागलं आणि घड्याळ दिवसाला सात मिनिटं पुढे पळायला लागलं. त्यांची घंटा लवकर व्हायला लागली, मुलं खूष. उस्ताद नाहीत झाले.

त्यांनी त्या दिवशी मला शिक्षा म्हणून दुकानाकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाले, मिनिट झालं असं वाटेल तेव्हा सांग. मी सांगितलं तेव्हा घड्याळात 41 सेकंद झाले होते. दुसऱ्यांदा 44. "तुझ्यातच सात मिनिटं पुढे आहे," म्हणाले. हा खेळ मुलीबरोबर करून बघा. माझा अनुभव असा की, लहान मुलं बहुतेक वेळा आधीच सांगतात आणि कंटाळलेले मोठे लोकही. कामात असलेला माणूस नंतर सांगतो. आमच्या दुकानात "एक मिनिट हं" म्हणजे पाऊण तास, हे त्यातलंच.

शेवटी एक करून बघा, कारण बहुतेक जुन्या घड्याळांत सेकंद काटा बारावर असताना मिनिट काटा दोन खुणांच्या अधेमधे कुठेतरी लटकलेला दिसतो आणि लोकांना वाटतं मशीन बिघडलं. बिघडलेलं नसतं, लावताना जुळवलेलं नसतं. अशा घड्याळात चावी ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही. म्हणून चावी देऊ नका, ते आपोआप बंद पडू द्या, दीडएक दिवस लागेल. सेकंद काटा कुठेतरी थांबेल, समजा 37 वर. मग चावी बाहेर ओढून मिनिट काटा थोडा पुढे नेऊन हळूच मागे आणा, म्हणजे दात्यांमधली ढिलाई जाते. पुढच्या एखाद्या मिनिटाच्या खुणेपासून थोडा पुढे, दोन खुणांमधल्या अंतराच्या साधारण पाच भागांतले तीन भाग पार करून ठेवा. चावी आत दाबा. आता मोबाइल मुलीच्या हातात द्या, तिने तेच मिनिट आणि 37 सेकंद झाले की "आत्ता" म्हणायचं. त्या क्षणी चावीला पहिले दोन वेढे द्या.